पांगळीचा वास

बाबांना वास येत नाही हे आमच्या घरात सगळ्यात शेवटी बाबांना कळलं.

साथीच्या काळात त्यांना ताप येऊन गेला. हॉस्पिटलची पायरी न चढता ते बरे झाले, आणि आईने ते डोंबिवलीतल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंही. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी आई भाजी आणायला खाली उतरली आणि जाताना सांगून गेली, "दुधाकडे बघा." बाबांनी बघितलं. म्हणजे पेपर घेऊन स्वयंपाकघरातच बसले. आई परत आली तेव्हा जिन्यात जळक्या दुधाचा वास भरलेला, समोरच्या काकू दार उघडून उभ्या, आणि बाबा अग्रलेखापर्यंत पोचलेले.

"अहो, वास आला नाही तुम्हाला?"

"कसला?" बाबांनी विचारलं. मग पातेल्याकडे बघून म्हणाले, "येतोय की."

हे 'येतोय की' पुढे बरेच दिवस चाललं. बाबांचं सगळं आयुष्य कळव्याकडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलेलं. यंत्रांचे नकाशे काढायचे. ज्या माणसाने कधी रेघ अर्धा केस इकडची तिकडे होऊ दिली नाही, तो आता आमटीत हिंग जास्त झाला असं अंदाजपंचे ठोकून देत होता. अंदाज चुकायचा, कारण आई मुद्दाम हिंग घालायचीच नाही. शेवटी मी त्यांना कल्याणच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. ते म्हणाले, "काका, घरातले उग्र, ओळखीचे वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे. नाकाला आठवण करून द्यायची."

बाबांनी हे काम ऑफिसचं असल्यासारखं हातात घेतलं. लवंग, लिंबाची साल, कॉफी, हिंग अशा छोट्या बाटल्या केल्या, त्यांवर आपल्या सुबक अक्षरात नावं घातली, आणि ताठ बसून हुंगायला सुरुवात केली. नाव वाचून हुंगतात म्हणून आईने नावांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. मग ते बाटलीच्या वजनावरून ओळखू लागले. नाकाला काही आठवलं नाही. हळूहळू बाटल्या देवघराच्या फळीवर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

हे सगळं सांगताना मी हसते, तेव्हाही हसायचे. पण एकदा जेवताना आईने विचारलं, "कशी झालीय भाजी?" तर बाबा म्हणाले, "गरम आहे." त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना तेवढंच कळत होतं. आई उठून उगाच पाणी आणायला आत गेली.

तर अशा परिस्थितीत श्रावणात बाबांच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींची सहल मलंगगडाच्या पायथ्याशी गेली. सहल शेठनी काढली होती. शेठ म्हणजे बाबांचे फिरण्यातले दोस्त, तिथल्याच गावचे मूळचे. त्यांच्या वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि शेठ त्यांतल्याच एका टॉवरच्या वरच्या मजल्यावर राहून रोज सकाळी खाली येऊन सांगतात की इथे बांध होता, तिथे विहीर होती. त्यांच्याकडे मोठी गाडी आहे आणि दोन्ही गुडघे खराब आहेत, त्यामुळे सहलीला ते सगळ्यांना नेतात आणि स्वतः पायथ्याशी बसून राहतात.

त्या दिवशी दुपारी बाबांचा मला ऑफिसात फोन आला. "संपलं की सरळ घरी ये."

"काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"मला वास आला," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

झालेलं ते असं. मंडळी वर गेली, दमले म्हणून बाबा शेठबरोबर वाटेच्या कडेला एका दगडावर टेकले. भोवती कमरेइतकी हिरवी झुडपं माजलेली, बसताना काही त्यांच्याखाली चिरडली. आणि बसल्यावर थोड्या वेळाने काहीतरी सरळ नाकातून कपाळापर्यंत गेलं. थंड, टोकदार, स्पष्ट. बाबा म्हणाले, "कुणीतरी खिडकी उघडावी तसं." क्षणभरच. पण आला तो आला. त्यांनी त्या झुडपातलं एक रोप मातीसकट उपटलं, आणि शेठच्या गाडीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मांडीवर धरून घरी आणलं.

रोप बाल्कनीत तुळशीशेजारी कुंडीत लागलं. बाबा पानं चुरून हुंगायचे. काहीच नाही. त्यावर त्यांचं म्हणणं असं की झाड डोंगरातलं आहे, इथे येऊन बुजलंय. "आधी ते कोण आहे ते कळायला पाहिजे," ते म्हणाले. "नाव कळलं की चौकशी करता येईल. अर्क मिळेल, तेल मिळेल. डॉक्टरांनाही सांगता येईल."

मग नावाचा शोध सुरू झाला. मी फोनवर झाडं ओळखणारं अ‍ॅप घेतलं. त्याने आधी युरोपातल्या कुठल्याशा सुगंधी झाडाचं नाव सांगितलं. बाबा खूश झाले. फोटो जरा तिरका काढला तर त्याने अंगाला खाज आणणाऱ्या एका वनस्पतीचं नाव सांगितलं, आणि त्या दिवसापासून आईने बाल्कनीत झाडू मारताना ती कुंडी वगळली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. एकाने रानपुदिना म्हटलं, दुसऱ्याने रानतुळस, तिसऱ्याने हे झाड अतिशय दुर्मीळ असून हिमालयातच मिळतं अशी माहिती पुढे ढकलली, आणि पार्किंगच्या जुन्या भांडणातल्या एका गृहस्थांनी विचारलं की कुंडी कॉमन पॅसेजमध्ये तर ठेवलेली नाही ना. कल्याणला काष्ठौषधींच्या एका दुकानात पान दाखवलं, तर दुकानदाराने ते ओळखलं तत्काळ. इतक्या खात्रीने ओळखलं की मला शंका आली. त्याच्याकडे त्याचं चूर्ण तयारच होतं. चूर्ण पिवळं होतं आणि त्याला हळदीचा वास येत होता. बाबांना तो येत नव्हता, म्हणून मी त्यांना सांगितलं.

शेवटी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या आत्याचं नाव सुचवलं. आत्या ठाण्याला नौपाड्यात राहतात, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून कधीच निवृत्त झाल्या. "पण त्या फटकळ आहेत हं," मैत्रीण म्हणाली. एका रविवारी आम्ही कुंडी घेऊन निघालो. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेवढ्या वेळात कुंडीतल्या दोन पानांनी मान टाकली आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सिग्नल मीच लाल केलाय.

मॅडमनी दार उघडलं, कुंडी बघितली आणि आम्हाला बसा म्हणायच्या आधी बाबांना म्हणाल्या, "देठ बोटांत धरून फिरवा. फिरतोय का?"

बाबांनी फिरवून बघितला. त्यांचा चेहरा बदलला. "नाही फिरत. अडतोय. चौकोनी आहे! सेक्शन चौकोनी आहे."

"आता पानं बघा. समोरासमोर जोडी. आणि वरची जोडी?"

"खालच्या जोडीला काटकोनात," बाबा म्हणाले. असा आवाज मी त्यांचा फार दिवसांनी ऐकला.

"झालं तर. पुदिन्याच्या कुटुंबातलं आहे. तुळस, सब्जा, आपण कुंडीत लावतो तो पानांचा ओवा, सगळे ह्याच घरातले. हल्ली सागही ह्यांच्यातच घेतलाय."

"साग? दरवाजाचा साग?"

"दरवाजाचाच."

बाबांनी मॅडमच्या दाराकडे एकदा वळून बघितलं. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "पण हे नेमकं कोण?"

"पानांवरून आडनाव सांगता येतं. नाव सांगायचं तर फूल पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "मला अंदाज आहे. पण मी अंदाज सांगत नाही. थंडीत फुलेल, तेव्हा या."

मी त्यांना बाजूला घेऊन वासाची सगळी हकिगत सांगितली. वाटलं, निदान आता तरी अंदाज सांगतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तर फूल हवंच."

कुंडीतलं झाड थंडीपर्यंत टिकलं नाही. बाबांनी ऊन दिलं, सावली दिली, एकदा तर डोंगरातल्यासारखं वाटावं म्हणून टेबलफॅन लावला. दिवाळीच्या आत ते गेलं. मग ठरलं की झाडाकडे जायचं, आणि मॅडमनाच घेऊन जायचं. फटकळ असल्या तरी त्या यायला लगेच तयार झाल्या. शेठनी गाडी काढली. आईही निघाली. झाडांशी तिला देणंघेणं नव्हतं, पण काटकोनाच्या त्या रविवारापासून बाबा 'मॅडम म्हणाल्या' असं दिवसातून बऱ्याचदा म्हणत होते, आणि मॅडम दिसतात कशा हे तिला एकदा बघायचं होतं. बघितल्यावर तिने गाडीत त्यांना पहिला तिळाचा लाडू दिला, त्यावरून मी समजले की परीक्षा पास झाली.

पायथ्याशी पोचलो. श्रावणातलं हिरवं सगळं आता खरखरीत, फिकं झालेलं. दगड सापडला. भोवतीची झुडपं उभीच होती आणि प्रत्येकाच्या टोकाला फिकट गुलाबी-जांभळे तुरे आलेले. मॅडम काठी टेकत वाकल्या, एक तुरा खुडला, खिशातलं भिंग काढून बाबांच्या हातात दिलं.

"बघा. फुलाला वरचा ओठ, खालचा ओठ. आणि बाहेर आलेले तंतू बघा."

"त्यांना केस आहेत," बाबा भिंगातून बघत म्हणाले. "जांभळे. मण्यांची माळ ओवल्यासारखे."

"तीच खूण. ही पांगळी."

"काय?"

"पांगळी. वेणीत पाचेची सुगंधी पानं घालतात ना, त्या पाचेची रानातली बहीण. माझा अंदाज हाच होता."

"दुर्मीळ आहे का?" मी विचारलं.

"छे! इथून माळशेजपर्यंत सावलीत दुसरं असतं काय?"

शेठ इतके हसले की त्यांना दगडावर बसावं लागलं. "पांगली! आनि शोधाया आलो कोन, तर आमी लंगडे!" त्यांचे गुडघे, मॅडमची काठी, एकूण नाव बरोबर बसत होतं. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी ओंजळभर पानं ओरबाडली, तळहातावर चुरली, डोळे मिटले आणि श्वास घेतला. मला इतक्या लांबूनही तो उग्र वास येत होता.

बाबांनी पुन्हा हुंगलं. पुन्हा एकदा. मग हात पँटला पुसले आणि शेठच्या शेजारी दगडावर बसले.

"नाही," ते म्हणाले.

आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. शेठही ओशाळले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी पँट वर सरकवली आणि गुडघा चोळायला लागले.

आणि बाबा ताडकन उभे राहिले. "येतोय! येतोय! हाच! हाच तो!" ते हात पसरून झुडपांकडे वळले. आई धावली. मलाही रडू यायच्या बेतात होतं. मॅडम तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्या शेठच्या हाताकडे बघत होत्या. शेठच्या हातात बामची बाटली होती.

"त्या दिवशीही लावला होता का हो हा?" मॅडमनी विचारलं.

"मना काय म्हाईत?" शेठ म्हणाले. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "म्हंजे, लावलाच असल. बसलो की लावतोच ना मी. काका, आईशपथ, मी बोललो पन नसल, रोजचाच हाय तो..."

बाबांनी त्यांच्या हातातून बाटली घेतली. नाकाजवळ नेली, लांब नेली, परत जवळ आणली. आमच्या घरात बाम कधीच नव्हता. चिकट वाटतो म्हणून बाबा तो घरात येऊ देत नसत. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते बामचं की कशाचं हे विचारायची सोय नव्हती.

"ह्यात पुदिन्याचाच अर्क असतो," मॅडम म्हणाल्या. समजूत घालायला म्हणाल्या की माहिती म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही. "म्हणजे कुटुंब तेच."

दुसऱ्या दिवशी शेठनी बामचा अख्खा खोका घरी पाठवून दिला. आणि त्यानंतर कल्याणच्या डॉक्टरांनी उरलंसुरलं काम पूर्ण केलं. ते म्हणाले, "काका, तो वास नाही. तो गारवा. गार-तिखट कळायची नस वेगळी असते, ती तुमची शाबूत आहे. नाकाचं म्हणाल तर..." बाबांनी मान डोलावली, फी दिली, आणि जिन्यात मला म्हणाले, "म्हणजे आपण एवढे डोंगर चढलो ते गारव्यासाठी." मी म्हटलं, "बाबा, आपण पायथ्याशीच होतो." त्यावर ते हसले. त्या दिवसातलं ते पहिलंच हसणं.

मला वाटलं आता हे प्रकरण मिटलं. मिटलं नाही. बाबांना चौकोनी देठाची चटक लागली होती. भाजीवालीकडच्या पुदिन्याची जुडी घेताना ते देठ बोटांत फिरवून बघायचे आणि ती म्हणायची, "आजोबा, ताजाच आहे हो." मॅडमना ते फोन करायचे, मॅडम त्यांच्यावर डाफरायच्या, आणि त्या डाफरण्यातूनच एक दिवस कामही निघालं. ठाणे-कल्याणकडच्या डोंगरांमधल्या पुदिन्याच्या कुटुंबाची माहिती त्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवत होत्या, आणि त्यांना चित्रं हवी होती. फोटो नकोत, रेघांची चित्रं. बाबांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला. गंजलेली पेनं साफ केली. हॉलमधलं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. आम्ही अजून ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

प्रत्येक चित्राखाली मॅडमना देठ, पान, फूल आणि वास यांबद्दल एकेक ओळ हवी होती. पहिल्या तीन ओळी बाबा मोजून मापून लिहायचे. चौथीशी अडायचे. पहिल्यांदा अडले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मी हुंगलं आणि म्हटलं, "छान आहे."

"छान म्हणजे काय? छान हे माप आहे का?"

तेव्हा आई हात पुसत बाहेर आली. पान घेतलं, चुरलं, नाकाशी धरलं. "देवळातून कापूर विझल्यावर येतो ना," ती म्हणाली, "तसा. पण आधी नुसता लिंबाचा वाटतो, मग कापूर."

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि शब्दशः लिहून घेतलं.

तेव्हापासून हे आईचं काम झालं. संध्याकाळी मी डोकावले की दोघं टेबलाशी. ती सांगते, ते लिहितात, आणि भांडतात. "कोऱ्या कापडासारखा? कोऱ्या कापडाला वास कुठे असतो?" "असतो. दुकानात असतो. तुम्ही कधी आलात दुकानात?" पांगळीचा वास तिने 'पेटीत ठेवलेल्या ओल्या शालूचा' असा सांगितला. ओला शालू पेटीत कोण ठेवेल, यावर त्यांची एक संध्याकाळ गेली.

गेल्या महिन्यात बाबा नवी चित्रं घेऊन मॅडमकडे गेले होते, मी बरोबर होते. त्यांत एका निळ्या फुलांच्या लहानशा झाडाचं चित्र होतं. नाव लॅटिन, मला काही लक्षात राहिलं नाही. चित्राखाली बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वास: पाऊस उघडल्यावर वाळत घातलेल्या सुताचा, मागून किंचित वेलची.'

मॅडमनी चष्मा सारखा केला. "सुंदर काढलंय. पण वास कुणी सांगितला हा?"

"घरातून," बाबा म्हणाले.

"ह्या झाडाला वास नसतो. एवढं कुटुंब सुगंधी, पण हिला अजिबात नाही. चुरा, उकळा, काहीही करा. ओळखायची खूणच ती आहे. दुरुस्त करून द्या."

बाबा "बरं" म्हणाले.

घरी आल्यावर आईने आतूनच विचारलं, "आवडली का मॅडमना चित्रं?"

"आवडली," बाबा म्हणाले.

ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडून काढायची असते, आणि त्यात बाबांचा हात असा हलका की खाली रेघ होती हे सांगूनही खरं वाटणार नाही. ब्लेड टेबलावरच होतं. बाबांनी तो कागद बोर्डावर लावला, दिवा जवळ ओढला, थोडा वेळ ती ओळ वाचत बसले. मग कागद काढून फायलीत ठेवला आणि नवा लावला.

"दुरुस्त करायचं होतं ना?" मी हळूच विचारलं.

"सर्दी झाली असेल मॅडमना," बाबा म्हणाले, आणि पुढचं पान चुरून घेऊन स्वयंपाकघराकडे गेले.